हलू नका, तुम्ही बेशुद्ध आहात

निरोगी माणसांची जेवढी शुश्रूषा आमच्या वहिनीने केली आहे, तेवढी आजाऱ्यांची शुश्रूषा साऱ्या ठाणे जिल्ह्यातल्या दवाखान्यांनी मिळून केली नसेल. हे मी जबाबदारीने सांगतो, कारण त्या निरोगी माणसांत पहिला नंबर माझा होता. डोंबिवली पूर्वेला आमच्या दोन खोल्यांत दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी असे चौघे राहायचो, आणि त्यातल्या तिघांना वहिनीने काहीही झालेलं नसताना वर्षभर ॲडमिट करून ठेवलं होतं.

सुरुवात झाली पुतणीच्या टायफॉइडपासून. कल्याणच्या एका हॉस्पिटलात आठ दिवस काढून पुतणी बरी झाली, वहिनी मात्र झाली नाही. तिथल्या एका नर्सने पोर गाढ झोपलेली असताना तिच्या अंगाखालची चादर बदलली होती, पोरीची पापणीसुद्धा न हलवता. तीर्थाहून आलेली माणसं देवाबद्दल बोलतात तशी वहिनी त्या चादरीबद्दल बोलायची. "आधी एका कुशीवर, भावोजी. जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत आणायची, तिच्या मागोमाग नवी. मग दुसऱ्या कुशीवर. की झालं! कळलंसुद्धा नाही हो पोरीला!" त्यानंतर महिन्याभरात पेपरात ठाण्याच्या एका नर्सिंग स्कूलची जाहिरात आली. तीन वर्षांचा कोर्स, लेखी परीक्षा, मुलाखत, लग्न झालेल्या बायकांनाही प्रवेश. वहिनी जुन्या अकरावीची मॅट्रिक. मॅट्रिकनंतर तिने पुस्तक हातात धरलं होतं ते फक्त पुतणीला मारण्यासाठी. तिने ती जाहिरात कापून तिखटाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली.

दादा कल्याणच्या टेलिफोन कचेरीत नोकरीला. दिवसभर लोकांना बोलतं करून घरी आला की स्वतः बंद. त्याने जाहिरात दोनदा वाचली आणि विचारलं, "स्वयंपाक कोण करणार?"

"तुम्ही."

"बरं," दादा म्हणाला. आमच्या घराण्यातली सर्वांत मोठी क्रांती एवढ्यात आटोपली.

मग वहिनीने तयारीला लागावं, म्हणजे अभ्यास करावा अशी आमची समजूत. तो ती करायचीच. ठाण्याला जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिला नर्सिंगचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. ते परातीला टेकवून ती पोळ्या लाटता लाटता माणसाची हाडं पाठ करायची, आणि एखादं हाड नेमकं कुठलं ते कळलं नाही तर पिठाच्या बोटाने माझ्या अंगावर शोधायची. पण तिचा खरा जीव प्रॅक्टिकलवर. लग्नातलं मनगटी घड्याळ तिने लग्नानंतर पहिल्यांदाच हाताला बांधलं आणि डोंबिवलीची नाडी मोजायला घेतली. भाजीवाल्याच्या हातून जुडी घ्यायची ती मनगटासकट. तो बिचारा "ताई, ताई" करेपर्यंत पंधरा सेकंद झालेले असायचे. "गुणिले चार, बहात्तर. उत्तम आहे. मेथी मात्र तुमची शिळी आहे." आमच्या बिल्डिंगमधली माणसं वहिनी जिन्यात दिसली की हात पाठीमागे बांधून चढायची. बाहेरच्या माणसाला वाटावं, इथे सगळे मंत्रीच राहतात.

माझी तऱ्हा याहून वाईट. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होतो आणि दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. सकाळी घरी येऊन आडवा झालो की वहिनीला गाढ झोपलेला, साडेपाच फुटांचा, फुकटचा पेशंट मिळायचा. मी खिडकीकडे तोंड करून झोपलेलो, तो उठायचो कपाटाकडे तोंड करून. खालची चादर निळी होती ती गुलाबी झालेली. हे जमेपर्यंत मात्र तिने मला तीनदा पलंगावरून खाली पाडलं. एकदा मध्येच जाग आली तर मी एका कुशीवर, पाठीशी चादरीची वळकटी, आणि वहिनीचा गुडघा माझ्या कमरेत.

"वहिनी, अगं काय हे?"

"हलू नका. तुम्ही बेशुद्ध आहात."

"बरं, चहा तरी टाक."

"बेशुद्ध माणूस चहा मागत नाही भावोजी. शिस्त पाळा जरा."

पण सगळ्यात भयंकर प्रकार कॅलेंडरचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणा असायच्या. त्यांच्या शेजारी वहिनीने घरातल्या प्रत्येकाच्या पोटाची रोजची नोंद सुरू केली. नर्सला हे लिहावं लागतं म्हणे. त्याच सुमारास माझ्या लग्नाचं चाललं होतं आणि एका मुलीचे वडील आमचं घर बघायला आले. दादाने त्यांना खुर्ची दिली ती नेमकी कॅलेंडरखाली. गृहस्थांनी मुहूर्त बघायला म्हणून चष्मा लावला आणि वाचत गेले. सोळा तारीख, भावोजी : नाही. सतरा, भावोजी : नाही. अठरा, एरंडेल. एकोणीस, साफ!! उद्गारचिन्हं दोन. मी जमिनीत गाडून घ्यायला फरशी उचकटत होतो. गृहस्थांनी चष्मा शांतपणे घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "माणसांकडे लक्ष असतं म्हणायचं या घरात." तिसऱ्या दिवशी होकार आला, लग्न पुढच्या वर्षी ठरलं. ती मुलगी आज माझी बायको आहे, आणि भांडण रंगात आलं की अजून अठरा तारीख काढते.

गाडं अडलं ते फॉर्म भरताना. एक जुलैला उमेदवाराची पस्तीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत अशी अट होती. वहिनीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. मी बोटं मोजली, दादाने मोजली. त्या एक जुलैला वहिनीला पस्तीस वर्षं आणि एक महिना होत होता. वहिनीने काहीच मोजलं नाही. हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि भांडी घासायला गेली. त्या दिवशी कॅलेंडर कोरं राहिलं.

मी मागोमाग गेलो. "वहिनी, अगं एक जूनला कोणी जन्मतं का? आमच्या कारखान्यात अकरा जणांचा वाढदिवस एक जूनला. मास्तरांनी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघितलं, पोचला, की लिहिलं एक जून! तुझी खरी तारीख आईला विचार."

वहिनीची आई मुरबाडकडच्या खेड्यात. तिला तारीख अशी पाठ होती की विचारू नका. "पंचमीच्या आदल्या दिवशी. चुलीवर लाह्या फोडीत होते. अर्ध्या फुटल्या नि ही आली. उरलेल्या करपल्या."

नागपंचमी म्हणजे श्रावण. म्हणजे जून टळला!

"पण साल कुठलं, आई?" दादाने विचारलं.

"साल कुणाला ठाऊक? लाह्या मात्र करपल्या."

आता आली का पंचाईत! श्रावण दाखल्यावरच्या सालातला असेल तर वहिनी दोन महिन्यांनी लहान, प्रवेश नक्की. आदल्या सालातला निघाला तर दहा महिन्यांनी म्हातारी, कारभार संपला. जन्माच्या नोंदीचा उतारा चालेल असं स्कूलच्या कचेरीने सांगितलं होतं. म्हणून आम्ही तिघं कल्याणहून एसटीने तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने वहिनीकडे न बघताच "पुढच्या आठवड्यात या" म्हणून हात हलवला. हात हलवायला नको होता. वहिनीने तो हवेतच पकडला. मी मनातल्या मनात पंधरा सेकंद मोजले.

"शंभर आणि चार," वहिनी म्हणाली. "चढून आलात का? की काही दुखतंय?"

त्या माणसाला असं कोणी बऱ्याच वर्षांत विचारलं नसावं. तो आधी दचकला, मग बसला, मग पाणी प्यायला, मग आपल्या छातीतल्या धडधडीची अख्खी कहाणी सांगून झाल्यावर स्वतः स्टुलावर चढून वरच्या फळीवरची वही काढून घेऊन आला. पानं इतकी जुनी की खोकलं तरी फाटावीत. दादाच्या सासऱ्यांचं नाव सापडलं. पंचमीचा आदला दिवस सापडला. साल दाखल्यावरचंच. दादाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ आठवडाभर होता. वहिनी मात्र सालाकडे बघतच नव्हती. मुलाचं नाव लिहायच्या रकान्यात नाव नव्हतं. गावच्या कोतवालाच्या वाकड्या अक्षरात दोनच शब्द होते : मुलगी, जिवंत. तिने त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. नाडी बघतात तसं.

परतताना एसटीत म्हणाली, "दोन महिन्यांनी लहान झाले हो मी. आता जपून बोला माझ्याशी."

लेखी परीक्षा ती पास झाली. मुलाखतीत चादर बदलून दाखवा म्हटल्यावर तिने थेट मेट्रनबाईंनाच पलंगावर झोपवलं आणि "हलू नका" म्हणून दटावलं, असं मी सगळ्यांना सांगतो. वहिनी हे साफ नाकारते. पण प्रवेश मिळाला त्याअर्थी काहीतरी तसंच झालं असणार. हॉस्टेलात राहणं सक्तीचं होतं. जूनच्या पावसात एक ट्रंक, ते जाड पुस्तक आणि तिखटाच्या डब्याचं झाकण घेऊन वहिनी ठाण्याला गेली. झाकण का, ते कोणी विचारलं नाही. डबा ताटलीने झाकला.

पुढच्याच आठवड्यात मला रात्रपाळी लागली. सकाळी येऊन झोपलो. कोणी कुशीवर लोटलं नाही, कोणी कमरेत गुडघा दिला नाही. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी सलग झोप लागली. संध्याकाळी जाग आली तर तोंड खिडकीकडेच होतं, आणि अंगाखाली तीच निळी चादर, चुरगळून गोळा झालेली. स्वयंपाकघरात दादाची उसळ खाली लागल्याचा वास. कॅलेंडरवर नुसतं दूध. मी तसाच पडून राहिलो.

दादा चहा घेऊन दारात आला. "उठलास का रे?"

"नाही," मी डोळे न उघडता म्हटलं. "बेशुद्ध आहे."

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. कपाट उघडल्याचा आला. आणि त्याने दोन्ही हातांनी मला भिंतीकडे लोटलं. अगदी चुकीच्या बाजूला. चादर अर्धी पलंगाखाली गेली, अर्धी माझ्या पायात अडकली.

"हलू नकोस," दादा म्हणाला.