आवडाबाई आणि ठिपक्यांचा वाल

आंबिवलीजवळच्या संशोधनाच्या शेतावर आवडाबाई बारा वर्षं वालाच्या फुलांची लग्नं लावतेय. एका जातीच्या कळीतले केसर चिमट्यानं काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग लावायचे, दोरा बांधायचा. शाळा चौथीपर्यंत, पण हात असा की शेतावरचे संशोधक सौमित्र सर दुसऱ्या कुणाला चिमटा देत नाहीत.

कुठली जात उन्हाला टिकते ते बघायला तिथं वाल मुद्दाम उशिरा, फेब्रुवारीत पेरतात, म्हणजे फुलं एप्रिलच्या उन्हात सापडतात. गेल्या वर्षी झाडून सगळ्या जातींची फुलं गळाली. फक्त ठिपक्यांच्या दाण्यांच्या एका गावठी झाडानं शेंगा धरल्या. दाणे निघाले चाळीस.

बियाणं शेताबाहेर न्यायचं नाही, हा नियम. पण गोदामात भुंगा दिसला आणि आवडाबाईचा जीव थाऱ्यावर राहिना. तिच्या माहेरी बी राखेत ठेवत. सरांना न विचारता तिनं त्या चाळीस दाण्यांची पुडी शहाडला घरी आणली, दाणे राखेच्या डब्यात घातले आणि घरात कुणाला बोलली नाही. बाई शहाणी, पण इथं चुकली.

पेरणीला दोन दिवस उरले असताना ती कामावरून आली, तर सून रसिका बिरड्यासाठी मोडाचे वाल सोलून बसलेली.

“आई, विकतचे कमी पडत होते. राखेच्या डब्यातले टाकले.”

आवडाबाईनं राखेचा डबा उघडला. नुसती राख. “आणि गणंग? भिजले नाहीत ते?”

“ते कडक दाणे? कचऱ्यात टाकले. का हो, काय झालं?”

आवडाबाईनं कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केला. चहाच्या चोथ्यात ठिपक्यांचे चार सापडले. रसिका रडकुंडीला आली. “तुझं नाही गं चुकलं,” आवडाबाई म्हणाली आणि चारही दाणे पदराच्या टोकाला बांधले.

कल्याणच्या बाजारात ठिपक्यांचे वाल मिळतात. चाळीस मोजून पुडीत भरले, तर कळणार कुणाला? पण एप्रिलमध्ये त्यांची फुलं गळणार. सर म्हणणार, गेल्या वर्षीचा योगायोग होता, आणि तो वाल कायमचा वहीतून खोडून टाकणार. तिनं सरांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

सरांनी किती दाणे उरले ते तिला पुन्हा मोजायला लावलं.

“चार तरी आहेत,” मग ते म्हणाले. “उद्या घेऊन या, लगेच पेरू. पण आवडाबाई, यापुढं बियाणं तुमच्याकडे नाही देता येणार.”

“बरं, सर,” ती म्हणाली. बारा वर्षं त्या शेतातला दाणा न् दाणा तिच्याच हातानं पेरला गेला होता.