कॅसेटमधून सुटलेलं पान

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझ्या मैत्रिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर पुस्तक हातात धरायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. परीक्षा तर तोंडावर आलेली. ती जळगावात पिंप्राळ्याला राहायची, मी रावेरहून एसटीने यायचे. मी घरच्या टेपरेकॉर्डरवर फिजिक्सची अख्खी वही वाचून कॅसेटी भरल्या. तिच्या भावाने वॉकमन आणला. गच्चीवर फेऱ्या मारताना, रिक्षात, दवाखान्याच्या बाकावर ती तेच ऐकायची.

पेपरच्या दिवशी बसमध्ये मी वही उघडली. दोन पानं चिकटलेली होती. आतलं पान मी रेकॉर्ड केलंच नव्हतं. सर ‘हे येणारच’ म्हणाले होते, नेमकं तेच डेरिव्हेशन. मला ते पाठ होतं, म्हणून वाचताना तुटलेलं कळलंही नाही.

त्यात रेल्वेचं फाटक. पुढे केळीच्या ट्रकांची रांग.

“भाऊ, किती वेळ लागेल?”

“गेट पडेल आहे ताई. मालगाडी जाऊ द्या,” कंडक्टर म्हणाला.

जळगावला उतरून रिक्षा केली, कॉलेजच्या फाटकापासून पळत सुटले. ती काळा चष्मा लावून हॉलच्या दाराशी उभी होती. आता सांगून ती घाबरली तर? पण न सांगणंही जमेना.

“अगं, एक पान सुटलंय माझ्याकडून!”

“माहितेय. दुसऱ्या पायरीवरून एकदम पाचवी आली. चार दिवस तीच कॅसेट मागे-पुढे केली. मधलं सगळं भिंतीवर बोटाने लिहून जुळवलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझ्यासाठी घसा कोरडा करत होतीस. चूक कुठे काढू?”

घंटा झाली. पहिलाच प्रश्न तो. मी भराभर लिहायला घेतलं. तिसऱ्या पायरीनंतर काही आठवेना. पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. पुढच्या बाकावर ती कागदाला नाक लावून सलग लिहीत होती.

तिला फर्स्ट क्लास मिळाला. मी जेमतेम पास झाले. रागावण्यासारखं तिने काहीच केलं नव्हतं, तरी आठ दिवस मी तिच्याकडे फिरकले नाही. शेवटी तीच एकटी एसटीत बसून रावेरला आली. आईने तिचं ताट वाढलं. मी माझं ताट तिच्या शेजारी सरकवलं.