तोंडवळीचा पांढरा फोटो

प्रसेनजीतचा कॅमेरा हा त्याच्या घरातला कायमचा भांडणाचा विषय होता. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो भट्टीवर सुपरवायझर. लोखंडाचा रस साच्यात ओतताना तोंडावर जी धग येते, तिच्यातलं बरंचसं डोळ्यांना दिसतच नाही, हे त्याला नोकरीत शिरल्या शिरल्या कळलं आणि तेव्हापासून न दिसणाऱ्या उजेडाचं त्याला वेड लागलं. आपला जुना कॅमेरा त्याने बंगळूरला पाठवून उघडून घेतला, आतली एक काच बदलून घेतली. आता त्यातून इन्फ्रारेडचे, म्हणजे त्या न दिसणाऱ्या उजेडाचेच फोटो निघत. झाडं कापसासारखी पांढरी, आभाळ काळंकुट्ट. बायको प्रीती म्हणायची, "चांगला कॅमेरा मुद्दाम बिघडवून आणणारा माणूस कोल्हापुरात एकच." तो फणकाऱ्याने उठून जायचा. चेष्टा त्याला सोसायची नाही.

सोसायची ती फक्त यशराजची. यशराज त्याच फाउंड्रीत, स्टोअरला. दोघांचा डबा एकत्र. यशराजची आई शालूबाई रविवारी तांबडा रस्सा केला की सोमवारच्या डब्यात प्रसेनजीतचा वाटा वेगळा घालायची. प्रसेनजीतचे वडील गेले तेव्हा ती रोज येऊन त्याच्या आईपाशी, तानूबाईपाशी बसायची. दोघी म्हाताऱ्यांची माहेरं कुरुंदवाडची. गल्ल्या मात्र वेगळ्या.

त्या वर्षी शालूबाईच्या मालकांची, हंबीररावांची बायपास ठरली. ऑपरेशनच्या आधी म्हाताऱ्याला जरा मोकळं वाटावं म्हणून दोन्ही घरं एका जीपमधून समुद्रावर निघाली. गगनबावड्यापर्यंत सगळी हसत होती. घाट लागला तशी शालूबाईला उलट्या सुरू झाल्या आणि तानूबाई म्हणाली, "पुढची शीट पायजे म्हणून भांडलीस, आता खिडकीबी तुलाच." शालूबाईने तोंड पुसत उत्तर दिलं, "तू बोलू नगंस, तुझ्या तंबाकूच्या वासानं झालंय हे."

मालवणच्या अलीकडे तोंडवळीला, सुरूच्या बनात त्यांची खोली होती. पहिला दिवस मासे खाण्यात आणि लोळण्यात गेला. दुसऱ्या सकाळी दोघी म्हाताऱ्या कधी नव्हे त्या पाण्यात उतरल्या. शालूबाई हिरव्या साडीत, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. तानूबाई निळ्यात. लाट आली, शालूबाई किंचाळली, तिने तानूबाईचा खांदा धरला आणि दोघी तोंड उघडून हसल्या. प्रसेनजीतने नेमका तो क्षण टिपला.

जेवणं झाल्यावर त्याने कॅमेरा खोलीतल्या टीव्हीला जोडला. मागचं सुरूचं बन पांढरंशुभ्र, समुद्र काळा आणि मधे दोघी. हिरवी साडी पांढरी झाली होती, निळीही पांढरी. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या. प्रसेनजीतच्या घरी लग्न असो, बारसं असो, बुद्धपौर्णिमा असो, पांढरं नेसल्याशिवाय शुभ कार्य होत नाही. आईच्या लग्नाच्या फोटोतली साडीही पांढरीच. त्याला त्या चित्रात मंगलच दिसलं. शालूबाईच्या कपाळावरचं कुंकू पार नाहीसं झालंय, हे त्याने पाहिलं होतं, पण त्याच्या मनात त्याचं काही आलं नव्हतं.

"कसा आलाय, काकी?" त्याने कौतुकाने विचारलं.

शालूबाई टीव्हीजवळ गेली. बोट लावून तिने आपलं कपाळ शोधलं. मग वळली.

"माझा मालक म्होरं बसलाय, आन् तू मला रंडकी केलंस की रं!"

"काकी, ते लाल रंगाचं तसं होतंय. कॅमेऱ्याला कुंकू दिसत न्हाय."

"मग आंधळ्या कॅमेऱ्यानं माझाच कशाला काढलास? आठ दिसांनी ह्यांची छाती फाडणार हाईत, आन् तू मला पांढरं नेसवून दावतोस?"

"शाले, गप," हंबीरराव म्हणाले. "मी हाय की अजून."

"भावा, पूस की तो," यशराज खालच्या आवाजात म्हणाला. "एका बटणाचं काम हाय."

प्रसेनजीतलाही ते पटलं. वीस वर्षांचा डबा एका फोटोपायी घालवायचा नव्हता. त्याने कॅमेरा हातात घेतला, अंगठा बटणावर नेला. तेवढ्यात शालूबाई म्हणाली, "तुमच्यात चालत असंल पांढरं. आमच्यात मढ्यावर घालत्यात."

तानूबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती उठली.

"तुमच्यात म्हंजे कुणाच्यात गं, शालू?"

"तुला कळतंय की."

"न्हाय कळत. माझं लगीन पांढऱ्यात लागलं. तुझ्या हिरव्याएवढंच शुभ व्हतं ते. आमच्या घरात जेवलीस तवा आठवलं न्हाय व्हय तुमचं-आमचं?"

"मी कुठं जेवलीया? च्या घेतलाय निस्ता!"

हे खरं होतं. प्रसेनजीतला ते त्या क्षणी पहिल्यांदा उमगलं. रस्सा त्या घरातून आला होता. या घरातून तिकडे कधी काही गेलं नव्हतं. आणि वडिलांच्या दुखवट्यातसुद्धा शालूबाई चहावरच उठायची. त्याने अंगठा काढून घेतला.

"न्हाय पुसत."

"माझा बाप टेबलावर जाणार हाय," यशराज ओरडला, "आन् तुला फोटो मोठा?"

"तुझ्या आईनं माफी मागू दे माझ्या आईची. मग पुसतो."

"माफी? व्हय रं, पाया पडती की!" शालूबाई म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

जीप यशराजच्या नावावर होती. प्रसेनजीत, प्रीती आणि तानूबाई मालवणच्या स्टँडवरून एसटीने परतले. घाटात तानूबाईला उलटी झाली. खिडकी तिचीच होती, पण त्यावर बोलायला कोणी नव्हतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. हे प्रसेनजीतला फाउंड्रीत तिसऱ्याकडून कळलं. तो दवाखान्यात गेला, तर बाकावर बसलेल्या शालूबाईने पदर ओढून तोंड भिंतीकडे केलं. हंबीरराव झोपेत होते. नारळपाण्याची बाटली पायरीवर ठेवून तो परत आला. डबे वेगळे झाले. यशराज आता कँटीनच्या दुसऱ्या टोकाला बसतो.

तानूबाईने मात्र हट्ट धरला: फोटो भिंतीला लागला पाहिजे, आणि ती बाई त्यात नको. प्रसेनजीतने कॉम्प्युटरवर शालूबाईला कापून काढलं. समुद्र राहिला, सुरूचं बन राहिलं, हसणारी आई राहिली. पण तिच्या खांद्यावरचा हात निघेना. तो काढायचा तर आईचा खांदाच कापावा लागत होता. चार पांढरी बोटं तशीच राहिली, घट्ट रुतलेली.

आल्यागेल्यांपैकी कोणी ना कोणी विचारतंच, हा हात कुणाचा म्हणून.

"बुडायला लागली की धरती, अशी एक हाय," तानूबाई म्हणते आणि चहा ठेवायला आत जाते.