राहूच्या विहिरीवरची मोटर

आज दुकानात जळालेल्या मोटरीत नवी तार भरताना वार्निशचा डबा उघडला, आणि त्या उग्र वासानं मला राहू गावातल्या एका विहिरीवर नेऊन उभं केलं.

तेव्हा मी शिक्रापुरात टेप दुरुस्त करायचो. गिऱ्हाईक सगळं ट्रकवाल्यांचं. मग शेजारचा मोबाइलवाला मेमरी कार्डात चोरीची गाणी भरून देऊ लागला. ट्रकवाल्यांनी कॅसेटी घेणं सोडलं, आणि माझ्याकडं टेप यायचेही थांबले.

अशात राहूचे एक आप्पा पाण्याची जळालेली मोटर घेऊन आले.

"आप्पा, मी टेपवाला हाय," मी म्हणालो.

"तारंचंच काम हाय न्हवं? बघा तरी. ऊस वाळाय लागलाय."

एका जुन्या कारागिराला विचारत विचारत मी ती नव्या तारेनं भरली, वर वार्निश चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर स्टार्टर दाबला. मोटर घुमली. पाइपातून आधी नुसती हवा आली, मग गढूळ पाणी धो धो पडलं.

"आलं की वो!" आप्पा ओरडले.

मी तिथंच पाटात पाय सोडून बसलो. तेव्हा वाटलं, चला, आजचं तरी निभावलं. आता कळतं, धंदा बुडाल्याची धास्ती त्याच सकाळी मनातून गेली, ती पुन्हा फिरकलीच नाही.