एक्केचाळीस फौजींचं पान

लष्कराच्या सिग्नल विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आकाराम सत्तेचाळिसाव्या वर्षी विश्रामबागेतल्या कॉम्प्युटर क्लासात दाखल झाले, तेव्हा पोरापोरींना वाटलं, कुणाचे तरी वडील फी भरायला आलेत. साल १९९९.

"बसा रं, मीबी शिकायलाच आलोय," आकाराम म्हणाले.

विट्याकडच्या त्यांच्या गावातले एक्केचाळीस जण फौजेत गेले होते. त्या सगळ्यांचे फोटो वेबपेजवर लावायचे, फोटोवर माउस नेला की नाव उमटलं पाहिजे, असा त्यांनी चंग बांधला. पण दर फोटोला वेगळी ओळ लिहिता लिहिता तेराव्यालाच ते मेटाकुटीला आले.

शिकवणाऱ्या ज्ञानदा मॅडम त्यांच्या लेकीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काका, पानावरच्या सगळ्या चित्रांची यादी ब्राउझर स्वतःच ठेवतो. तिच्यावरून लूप फिरवा. हजेरीसारखं एकेका चित्रापाशी जायचं, तुमच्या नावांच्या यादीतलं पुढचं नाव द्यायचं, पुढं सरकायचं."

"आवं मॅडम, हजेरी तर आमी चोवीस वर्सं घेतली!"

चार ओळींत काम झालं. रविवारी आकारामांनी जीप भरून गावकरी क्लासात आणले. माउस पहिल्याच चित्रावर, पानाच्या माथ्यावर लावलेल्या गावच्या भैरोबाच्या देवळावर गेला आणि नाव उमटलं: हवालदार आकाराम.

"गड्या, तू तर देव झालास रं!" गावकऱ्यांतले दादासो ओरडले. सगळे पोट धरून हसले. पुढं प्रत्येक फौजीवर शेजाऱ्याचं नाव. शेवटचा फोटो जीपमधूनच आलेल्या भामाबाईंच्या दिवंगत मालकांचा. त्यावर काहीच उमटेना.

"ह्येंचं नाव कुटं गेलं?" भामाबाईंनी हळूच विचारलं.

आकारामांनी माउस पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. ज्ञानदांनी एवढंच विचारलं, "काका, पानावर चित्रं किती? आणि तुमच्या यादीत नावं किती?"

बेचाळीस आणि एक्केचाळीस. आकारामांनी कपाळावर हात मारला. देऊळसुद्धा चित्रच की! लूपनं देवालाही रांगेत उभं केलं होतं. त्यांनी नावांच्या यादीत सगळ्यांच्या आधी भैरोबाला बसवलं, पान पुन्हा उघडलं आणि माउस भामाबाईंच्या हाती दिला.

बाण इकडंतिकडं भरकटत शेवटच्या फोटोवर पोचला. "नाईक बाळासो," ज्ञानदांनी वाचून दाखवलं.

भामाबाईंनी पदर सावरला. "परत वाच गं बाई," त्या म्हणाल्या, "मला न्हाई नाव घेता येत."