झेंड्याचा दोरा

आईचे डोळे अधू व्हायला लागले तेव्हा मी मराठी शाळा संपवून घरी बसलो होतो. लोणावळ्याच्या बाजारात आमची एक खोली होती आणि आई तिथे चोळ्या शिवायची. वडील मी लहान असतानाच गेलेले. खणाला जुळेल असा दोरा निवडायचा आणि सुईत ओवून द्यायचा, ही दोन्ही कामे माझी. दोरा जरा जरी उठून दिसला तरी गिऱ्हाईक नाक मुरडून जायचे. त्यामुळे पोपटी, पिस्ताई, शेवाळी, मेंदी असे नुसत्या हिरव्याचे सगळे गोत मला तोंडपाठ होते. शाळेतले पाढे केव्हाच विसरलो, हे मात्र विसरलो नाही.

मामा मुंबईला गिरणीत होता. शिमगा झाला की तुला घेऊन जातो, असे त्याने ठरवूनच टाकले होते. मी गेलो असतो तर आईचे शिवणकाम त्याच दिवशी बंद पडले असते. कोणी तसे बोलत नव्हते, पण तिलाही ते ठाऊक होते आणि मलाही. तेवढ्यात वलवणच्या बाजूच्या रेल्वे फाटकावर माणूस हवा आहे, अशी बातमी शेजारच्या आबांनी आणली. आबा स्वतः फाटकावरच म्हातारे होऊन घरी बसले होते.

"साहेब फारसं काय ईचारत न्हाई," ते आईला म्हणाले. "डोळं बघतो. त्येच्यात पास झाला की झालं."

झाले! त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांचे असे लाड सुरू झाले की तेवढे लग्नात नवऱ्या मुलाचेही होत नाहीत. रात्री तळपायाला एरंडेल, सकाळी त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणे. दिवा लागला की पुस्तक हातातून काढून घ्यायचे. समोरच्या शिंपी चाचांकडून आईला काज करण्याचे काम मिळे. त्यांनी कुठल्याशा बंगलेवाल्या शेटचा, शिवून तयार झालेला काळा कोट मला एका दिवसापुरता दिला. "कुठं बसू नकोस बाबा, इस्त्री मोडेल," एवढे बजावले.

मुलाखतीच्या सकाळी आईने कळस केला. तिने माझ्या डोळ्यांत बोटभर काजळ घातले. मी नको नको म्हणत होतो.

"डोळंच बघणार हाईत न्हवं?" ती म्हणाली. "मग नीट दिसाय नगंत व्हय?"

आज ते आठवले की हसू येते. असा मी, परक्याच्या कोटात आणि डोळ्यांत काजळ घालून, स्टेशनातल्या साहेबाच्या खोलीत शिरलो. साहेब गोरा, शेजारी आपल्याकडचा एक बाबू. साहेबाने खुर्ची दाखवली, मी उभाच राहिलो. पुन्हा दाखवली, मी पुन्हा मान हलवली. साहेबाला तो माझा विनय वाटला असावा, कारण त्याचा चेहरा जरा मऊ झाला. शेटच्या इस्त्रीचे हे उपकार.

मग बाबूने टेबलावर लोकरीच्या लड्यांचा ढीग ओतला. साहेबाने एक फिकी हिरवी लडी माझ्या हातात दिली.

"हिच्यासारख्या सगळ्या शोधून बाजूला काढ," बाबू म्हणाला.

मला तर गुदगुल्याच झाल्या. एवढेच ना! मी लडी खिडकीशी नेली, उजेडात धरली, बोटांवर गुंडाळून पाहिली. पिस्ताई, तीही किंचित विटलेली. मग एकेक हिरवी लडी तिच्याशेजारी धरून खाली ठेवत गेलो. एक बरीच जवळ आली, पण तिच्यात पिवळेपणा जास्त होता. तीही ठेवून दिली.

"हिच्यासारखी यात एकही नाही," मी सांगितले.

साहेब काहीतरी बोलला. बाबूने माझ्याकडे पाहिले नाही. "घरी जा. तुला रंग दिसत नाहीत म्हणतात."

सुईच्या नेढ्याशी चाचपडणारी आईची बोटे डोळ्यांपुढे आली आणि मी चक्क रडायला लागलो. काजळ गालांवर ओघळले. "दिसतात म्हणूनच जुळत नाहीत!" मी ओरडलो. "हा दोरा या रंगाच्या चोळीला लावला तर गिऱ्हाईक दारात उभं राहणार नाही!" आणि एकेक लडी उचलून मी नावे घेत सुटलो, ही पोपटी, ही शेवाळी, ही मेंदी.

बाबूने साहेबाला काय समजावले कोण जाणे. साहेब माझ्या काळ्या तोंडाकडे बघत राहिला, मग त्याने कंदील आणवला. खिडक्या लावल्या आणि कंदिलाच्या काचा फिरवत मला विचारत गेला. हिरवा. लाल. लाल. हिरवा. आंधळ्यालाही जमावे इतके सोपे.

"ध्यानात ठेव," बाहेर पडताना बाबू म्हणाला, "रेल्वेत हिरवा एकच."

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. नोकरी लागल्याचा आनंद राहिला बाजूलाच. "समदं हिरवं येकच?" ती म्हणाली. "आन् तरी गाड्या नीट जात्यात?"

शिमग्यानंतर मामा एकटाच मुंबईला गेला. ड्युटीवर निघण्याआधी मी सुया ओवून शिवणाच्या छोट्या उशीवर रांगेने टोचून ठेवायचो, कोणत्या जागी कोणता रंग ते आई लक्षात ठेवायची. बरीच वर्षे आमचे असे चालले. ते दिवस मला फार गोड वाटतात. पुढे तिला दिसायचे पार थांबले आणि उशी फळीवर गेली.

एकदा माझ्या हिरव्या झेंड्याचा काठ उसवला म्हणून मी तो घरी आणला आणि रात्रपाळीहून आल्या आल्या झोपलो. उठलो तर आईने काठ शिवून ठेवला होता. टाके पूर्वीसारखेच बारीक, एकसारखे. फळीवरची उशी काढून तिने माझ्याच हातची, कधीची ओवलेली सुई घेतली होती. दोरा डाळिंबी होता.

"जुळला का रं?" तिने विचारले.

"जुळला."

"उठून दिसत न्हाई न्हवं?"

"न्हाई गं आई, मुळीच न्हाई."

तो झेंडा मी पुढे कितीतरी गाड्यांना दाखवला. नवा मिळाला तेव्हा जुना परत करायचा होता, पण मी तो कोटाच्या आत घालून घरी आणला.