दोन तिरप्या रेघांमागे

आम्ही वेबसाइटचं रंगरूप सॅस नावाच्या संगणकी भाषेत लिहितो. तिथे दोन तिरप्या रेघा ओढून पुढे मनातलं काहीही लिहावं. फाइल ब्राउझरसाठी तयार होताना ती ओळ, म्हणजे कमेंट, गळून जाते. बघणाऱ्याला दिसतो तो नुसता रंग.

आज मी तिथे लिहिलं, ‘क्लायंटचा हट्ट म्हणून हा निळा. मुक्ता म्हणाली असती, बाबा, हा तर पाण्याच्या टाकीचा रंग!’

मुक्ता माझी मुलगी. नोकरीसाठी बंगलोरला गेलीय.

शेजारच्या टेबलावरची सायली डोकावून हसली. “काका, कमेंटमध्ये कोडबद्दल लिहायचं असतं, घरच्या गप्पा नाही!”

पन्नाशीतल्या माणसाला गप्पांसाठी दुसरी जागा कुठली सापडणार, बाई?

फोनवर मी मुक्ताला “जेवलीस का?” विचारतो, मग तिथली हवा विचारतो. ‘तुझ्याशिवाय घर खायला उठतं’ हे त्या दोन रेघांमागेच राहतं. तिच्यापर्यंत पोचतो तो हवामान खात्यातला बाप.

आज संध्याकाळी ती म्हणाली, “चला बाबा, ठेवू?”

“थांब ना जरा,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“काय झालं?”

“काही नाही गं.”

तिने फोन ठेवला नाही.